शिरोडकरचा पत्ता

प्रेमकथेचा पहिला भाग लिहायला मुलीचा बाप पुरतो. तो कडक असावा, घरात त्याचा शब्द शेवटचा असावा आणि नको त्या वेळी तो नेमका समोर यावा, एवढी सोय केली की पुढचं काम तो स्वतःच करतो. रवी जाधवांच्या ‘टाइमपास’मधले माधव लेले आठवा. वैभव मांगले यांनी उभ्या केलेल्या या ‘शाकाल’मुळे दगडू आणि प्राजक्ता यांनी एकमेकांकडे नुसतं बघण्यालाही धार आली. चित्रपट जानेवारी २०१४ मध्ये आला. दिग्दर्शक डोंबिवलीचा, त्यामुळे आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात घरचं कार्य असल्यासारखं कौतुक झालं.

दुसऱ्या भागाची पंचाईत अशी, की बाप वापरून झालेला असतो.

‘टाइमपास २’ २०१५ च्या महाराष्ट्र दिनाला लागला. कथेत मधे बरीच वर्षं गेलेली, म्हणून प्रथमेश परबचा दगडू प्रियदर्शन जाधवकडे गेला आणि केतकी माटेगावकरची प्राजक्ता प्रिया बापटकडे. दोघंही कसलेले नट, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण लेले मात्र तेच! शाळकरी पोरांनी बापाला घाबरावं, यात गंमत आहे. चांगल्या घोडनवऱ्यांनी घाबरावं, हे मला काही पचलं नाही. अर्थात गल्ला बक्कळ जमला, तेव्हा मला विचारतो कोण. पुढे २०२२ मध्ये तिसरा भाग निघाला, त्यात दगडू कॉलेजात आहे. म्हणजे काळाच्या हिशेबाने तिसरा भाग पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये बसतो. गच्ची टाकून झाल्यावर खालचा मजला चढवावा तसं. आम्हा ठाण्यातल्या बाळकुमकरांना त्याचं फारसं नवल नाही. इथे काय आधी होतं आणि काय नंतर, हे आम्ही केव्हाच बघणं सोडलं आहे.

हे सगळं डोक्यात घोळायला कारण माझी भाची. दहावीची परीक्षा संपवून ती सुट्टीला आमच्याकडे, बाळकुम पाड्यावर, राहायला आली होती. जेनी हान या अमेरिकी लेखिकेची २०१४ ची कादंबरी तिने दोन दिवसांत संपवली. लारा जीन नावाच्या मुलीने आवडलेल्या मुलांना लिहून लपवून ठेवलेली पत्रं एक दिवस खरोखरच पोस्टात पडतात, अशी ती झकास भानगड. लगेच दुसरा भाग मागवला. असली पार्सलं बहुधा भिवंडीच्या गोदामांतूनच येतात, म्हणजे कशेळीचा पूल ओलांडला की झालं. पण मेट्रोच्या खांबांमधून आणि ट्रकच्या रांगांमधून वाट काढत यायला त्या पुस्तकाला पहिला भाग लिहायला लागले असतील तेवढे दिवस लागले, असं तिचं म्हणणं.

आलं आणि तिने ते वाचलं. रात्रीच्या जेवणाला तोंड एवढंसं.

“काय झालं गं?”

“अरे मामा, ते एकमेकांशी बोलतच नाहीत! फोन आहे ना दोघांकडे?”

मग सगळं बाहेर आलं. लारा जीनचं ज्याच्याशी जुळलंय तो पीटर आपल्या जुन्या मैत्रिणीची घरातली अडचण जाणतो, पण ती कुणाला सांगायची नाही असा त्याने शब्द दिलेला. त्यामुळे लारा जीनला संशय. मग जॉन अँब्रोज हा गुणी मुलगा येतो. वृद्धाश्रमात १९४० च्या दशकाच्या थाटात नाच होतो, तिथे तो गणवेश घालून हजर. सगळं छान जमलेलं असताना लारा जीन परत पीटरकडे.

“मग त्या बिचाऱ्याला बोलावलंच कशाला?” भाचीने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तिथेच ठेवून दिला. तिच्या मते लेखिकेने एका चांगल्या मुलाचा अपमान केला होता.

मला लेखिकेचीच दया आली. बाहेरचा अडसर संपला की आतला शोधावा लागतो, आणि सोळा वर्षांच्या मुलांच्या आत एवढं काय सापडणार? मग गैरसमज आणायचा. पूर्वी तो स्वस्त होता. चाळीत एकाच घरी फोन, पत्र पोचायला चार दिवस, तेवढ्यात दोन घरं सहज मोडत. आता गैरसमज टिकवायचा तर आधी मोबाइलची बॅटरी संपवा, मग रेंज घालवा, आणि निळ्या टिका आल्यावरही तो बोलला का नाही, यासाठी एक वेगळं प्रकरण लिहा.

आपल्याकडच्या जाणत्यांनी यावर दोन तऱ्हा काढल्या. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं. बलरामाला दुर्योधन मेहुणा म्हणून हवा, सुभद्रेला अर्जुन हवा, अर्जुन संन्याशाच्या वेशात आणि कृष्ण गालातल्या गालात हसतोय. लग्न लागलं, पडदा पडला. सुभद्रेचा पुढचा भाग व्यासांनी लिहून ठेवलेला होताच, त्यात अभिमन्यू आहे आणि चक्रव्यूह आहे. किर्लोस्करांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शहाणा माणूस.

दुसरी तऱ्हा धाडसाची. आठव्या शतकातला भवभूती आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा. ‘महावीरचरिता’त त्याने रामाला राज्याभिषेकापर्यंत आणून सोडलं आणि मग ‘उत्तररामचरित’ लिहिलं. आज पहिल्याचं नाव अभ्यासकांपुरतं उरलंय, गाजला तो दुसराच. सुरुवात बघा: राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच वनवासाची चित्रं पाहत फिरतायत. मागच्या भागाचा गोषवारा इतका देखणा मी कुठे पाहिलेला नाही. पाहता पाहता सीता दमते, रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपते आणि नेमकी तेव्हाच लोकापवादाची बातमी येते. रावण केव्हाच संपलेला. आता सीतेला घालवतो तो खुद्द रामच. बारा वर्षांनी तो पंचवटीच्या त्या रानात येतो, सीता तिथेच आहे पण त्याला दिसत नाही. तो रडतो, ती ऐकते. वनदेवता वासंती त्याला चार शब्द सुनावते, तेही ती ऐकते. जॉन अँब्रोजची गरजच पडत नाही.

पण यासाठी माणसांना बारा वर्षांनी मोठं होऊ द्यावं लागतं. भाचीला ते मंजूर नव्हतं. लारा जीन चाळिशीची झाली तर चालेल का, असं विचारल्यावर तिने “शी!” एवढंच उत्तर दिलं. वाचकाला गोष्ट पुढे जायला हवी असते, पण पात्रांना काही होता कामा नये. लेखिकेने करायचं काय? २०१७ मध्ये तिने तिसरा भाग काढला. तो भाचीने आधीच मागवून ठेवला होता.

तो पूल ओलांडून येईपर्यंत मी तिच्या हातात मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ दिली. २००४ ची कादंबरी, काळ आणीबाणीचा, मुलं नववीतली: जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. यावरच्या चित्रपटात शिरोडकर केली होती ती हीच केतकी माटेगावकर, टाइमपासच्या आधी. पहिली पानं कुरकुरत, मग एकदम गप्प. दुपारचा चहा तिच्या शेजारी साय धरून बसला. शेवटी शिरोडकरच्या वडिलांची बदली होते, ती निघून जाते आणि जोशी दहावीत जातो.

“दुसरा भाग?”

“नाही.”

“असा कसा नाही?”

“नाही लिहिला.”

ती गॅलरीत जाऊन आली. आल्या आल्या चौकशी सुरू. त्या वेळी बदली झाली तर लोक पोस्टात नवा पत्ता देऊन जायचे का? मी म्हटलं, देत असत, पत्रं तिकडे वळवली जात. मग तिच्या मैत्रिणींपैकी कुणाला तरी पत्ता माहीत असणार की नाही? असेल की. आंतरदेशीय पत्राला किती पैसे पडायचे? ते काही मला आठवेना. वहीत काहीतरी लिहिणं चाललं होतं, मी डोकावलो तर हाताने झाकलं.

थोड्या वेळाने वहीतून मान वर न करताच म्हणाली, “मामा, हा जोशी तिला सारखं शिरोडकरच म्हणतो. पण पत्रावर नुसतं शिरोडकर लिहून कसं चालेल? त्या घरात सगळेच शिरोडकर.”