निवांत ड्यूडचे कष्ट

अमेरिकेतला ड्यूड हा अत्यंत निवांत इसम आहे, असा त्याच्याविषयी गोड गैरसमज आहे. पायांत सपाता, अंगात इस्त्रीशी कधी गाठ न पडलेला सदरा, वारा नेईल तिकडे गेलेले केस आणि तोंडी एकच संबोधन, एवढ्यावर लोक त्याला आळशी ठरवतात. त्याची वंशावळ मात्र वेगळेच सांगते. 1883 साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी हे नाव उचलून धरले, तेव्हा ड्यूड म्हणजे घट्ट विजार, उंच कॉलर आणि हातात छडी अशा थाटात इंग्रजांची नक्कल करणारा नटवा तरुण. ‘ड्यूडांचा राजा’ म्हणून गाजलेल्या इव्हँडर बेरी वॉलने साराटोगात एका दिवसात 40 वेळा पोशाख बदलला, असे सांगतात. इतक्या बटणांशी झटापट करणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे असले शहरी बाबू पैसे मोजून पश्चिमेकडे काउबॉयगिरी करायला जाऊ लागले. अस्सल काउबॉयांनी त्यांना ‘ड्यूड’ म्हणून हिणवले आणि पैसे खिशात घातले. 1926 साली या ‘ड्यूड रँच’वाल्यांची रीतसर संघटनाही निघाली.

विसाव्या शतकात हे नाव कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या तरुणांच्या बोलण्यातून फिरत कॅलिफोर्नियाच्या लाटांवर स्वार होणाऱ्यांकडे पोहोचले. 1982 च्या ‘फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय’ या चित्रपटात शॉन पेनने रंगवलेला बेफिकीर लाटास्वार स्पिकोली पाहून देशभरच्या पोरांना नवा आदर्श मिळाला. छडी गेली, कॉलर गेली, पण मेहनत सुटली नाही. जुना ड्यूड आपण नटलो आहोत हे दिसावे म्हणून राबत होता. नव्याला आपल्याला कशाचेच काही वाटत नाही, हे दाखवण्यासाठी राबावे लागते. स्कॉट कीसलिंग या भाषाशास्त्रज्ञाने 2004 साली या शब्दावर अख्खा शोधनिबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की, हे संबोधन आपलेपणा दाखवते आणि तो फार दाखवला जाणार नाही याचीही काळजी घेते. मित्राचे लग्न मोडले, तर ड्यूड गळ्यात पडत नाही. तो हळू, उतरत्या सुरात ‘ड्यूड’ म्हणतो, खांद्यावर एक थाप मारतो आणि चिप्सची पिशवी पुढे करतो. सांत्वन संपले.

यावर भाषाप्रेमी म्हणतात, ही निव्वळ शब्दांची गरिबी. पण आनंद, धाक, कौतुक, वैताग आणि ‘गाडी जरा बघून चालव’ हे सगळे एकाच शब्दात बसवायचे, तर सुरावर केवढी हुकमत लागते! दुसरा आक्षेप असा की, हल्ली मुलीही एकमेकींना ड्यूड म्हणतात, मग यात पुरुषी संकोच कुठे राहिला? म्हणतात खऱ्या, मात्र कीसलिंगच्याच पाहणीत हा शब्द प्रेयसी-प्रियकरांमध्ये फारसा आढळला नाही. जिथे अंतर राखायचेच नाही, तिथे अंतर राखणारा शब्द काय कामाचा? तेव्हा न्यू जर्सीतल्या मराठी आईबाबांनो, चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर ‘ड्यूड!’ अशी हाक मारली तर संस्कार बुडाले म्हणून कपाळाला हात लावू नका. त्याने तुम्हाला मित्रांत घेतले आहे. फक्त मिठी मारायला जाऊ नका.