थोडं सरकलंय

भूजलाचं मॉडेल करणाऱ्या प्रत्येक ऑफिसात हा इसम असतोच. मॉडफ्लो या सॉफ्टवेअरसाठी ग्रिड आखून झालेलं असतं, खाली टोपोशीट लावून झालेली असते, अहवाल सोमवारी जायचा असतो. तेवढ्यात हा पाठीमागून येतो, चष्मा कपाळावर चढवतो, स्क्रीनला जवळजवळ नाक लावतो आणि म्हणतो, ‘‘थोडं सरकलंय.’’ काय सरकलंय, हे विचारायचं नसतं; कारण विचारलं की तो सांगतो. ओढ्यावरचा पूल धरून झूम करत जातो, इतका की पूल विरघळून नुसते करडे ठिपके उरतात आणि त्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवून गुन्हेगार पकडल्यासारखा बघतो. कुणी उत्साहानं तीन खुणांवर नकाशा बसवून ‘चूक शून्य’ असं दाखवलं तर हा नुसता हसतो. तीन खुणांवर चूक शून्यच येणार, खुणा साफ चुकलेल्या असल्या तरी. समीकरणं सहा आणि अज्ञातंही सहाच. म्हणून तो चौथी खूण मागतो. चौथी दिली की पाचवी. भिंतीवरचं कॅलेंडर, लग्नपत्रिकेवरचा गणपती, सत्कारमूर्तींच्या खांद्यावरची शाल, सगळंच त्याच्या मते थोडं सरकलेलं असतं.

त्याला वैतागलेल्यांचा पहिला युक्तिवाद असा, की खालचा नकाशा निव्वळ शोभेचा. हे अर्धं खरं आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मॉडफ्लो १९८४ पासून ओळ, स्तंभ आणि थर यांवर गणित करत आलंय. खाली पुण्याचा नकाशा आहे की पंचांगाचं पान, त्याला सोयरसुतक नाही. पण ओढा कुठल्या चौकोनात आणि विहीर कुठल्या, हे माणूस त्याच नकाशाकडे बघून ठरवतो. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर काढलेल्या, विहिरींच्या जीपीएस नोंदी डब्ल्यूजीएस ८४ वर घेतलेल्या. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवलं, की महाराष्ट्रात साधारण शंभर मीटरांच्या घरातला फरक पडतो. ग्रिडचा चौकोन शंभर मीटरांचा असेल तर विहीर शेजारच्या चौकोनात जाते. कधी ओढाही ओलांडते. यूटीएम झोनची गंमत तर त्याहून मोठी. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३वा झोन, पूर्वेला ४४वा. नागपूरचे आकडे चुकून ४३व्या झोनमध्ये वाचले, तर अख्खं नागपूर गुजरातेत बारडोलीच्या आसपास जाऊन बसतं. सहाशेहून अधिक किलोमीटरांचा हा प्रवास पाहूनही आपला माणूस एवढंच म्हणतो, ‘‘थोडं सरकलंय.’’

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी किती वाहतं, याचाच अंदाज कित्येक पटींनी चुकू शकतो. तिथे शंभर मीटरांचं काय घेऊन बसलात? पण नेमकं इथेच या इसमाचं म्हणणं पटतं. खडकाची वाहकता माहीत नसते म्हणूनच ती मागेपुढे करून मॉडेलची पातळी विहिरीतल्या पातळीशी जुळवतात. समजा, विहिरीतलं पाणी शेजारच्या ओढ्यामुळे टिकतं आणि मॉडेलमध्ये तो ओढा दोन चौकोन पलीकडे गेलाय. तरीही पातळी जुळते. फक्त ओढ्याचं श्रेय खडकाच्या नावावर जमा होतं आणि अहवालात अस्तित्वात नसलेला खडक छापला जातो. नकाशाची चूक अशी गणितात मुरते आणि वर ‘मॉडेल उत्तम जुळले’ असं प्रशस्तिपत्रकही मिळवते. अर्थात याच्या हट्टालाही मर्यादा हवी. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. त्याहून बारीक अचूकता त्या कागदात मुळातच नसते. चौकोन पाचशे मीटरांचा असताना दहा मीटरांसाठी सोमवार बुडवणाऱ्याला चहाला पाठवणं हेच शहाणपण.

तरीही, नाइलाजानं का होईना, मान्य करावं लागतं की त्या खोलीत जमिनीच्या बाजूनं बोलणारा हा एकटाच असतो. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, साहेबांना रंगसंगती आवडलेली असते आणि शेतकऱ्याला त्याची विहीर कुठे नेऊन ठेवली हे कुणी दाखवत नाही. याच्या कटकटीमुळे चार विहिरी आपापल्या जागी राहतात, पण त्याचा उल्लेख आभाराच्या पानावरही नसतो. ‘तपासले’ या शब्दाखाली सही करतात ते वेगळेच. नकाशात त्यांना तपासण्यासारखी एकच गोष्ट दिसते, आपलं पदनाम बरोबर छापलंय की नाही.