भेटीची वेळ : सकाळी सहा

आपल्या घरांत आजारपणाचा निवाडा थर्मामीटर करतो. पारा १०२ वर असेपर्यंत कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, मऊ भात आणि टीव्हीच्या रिमोटवर निर्विवाद हक्क. पारा उतरला की त्याच संध्याकाळी, "आता बरं वाटतंय ना? मग येता येता दळण घेऊन या." सर्दी-पडशाला हा कायदा ठीक आहे. चिकनगुनियाला तो लावला की उघड अन्याय होतो, कारण इथे ताप ही नुसती प्रस्तावना असते आणि ती आठवडाभरात उरकते. मग मनगटं, घोटे आणि बोटांची पेरं सुजून बसतात. कुणाची काही आठवडे, अनेकांची कित्येक महिने आणि काही दुर्दैवी मंडळींची वर्षानुवर्षं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा आजार सांध्यांवरून मोजावा, आणि मोजायला येणाऱ्याने सकाळी सहाला यावं.

सहाची वेळ छळ म्हणून सुचवलेली नाही. सुजेची सांधेदुखी विश्रांतीने आखडते आणि हालचालीने सैलावते. रात्रभर निश्चल पडलेला माणूस पहाटे उठतो तेव्हा त्याची मूठ मिटत नाही. टूथपेस्टचं झाकण फिरत नाही, बाथरूमची कडी सरकत नाही, दुधाच्या पिशवीचा कोपरा कात्रीने कापायचा तर आधी कात्रीत बोटं जावी लागतात. भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं जमतं, पण उठण्यासाठी नळ, बादली आणि कुलदैवत या तिघांचा आधार लागतो. मग गरम पाण्याची अंघोळ होते, थोडं घरातल्या घरात चालणं होतं, दहापर्यंत सांधे जरा माणसात येतात. आणि अकराला पाहुणे येतात. त्यांना दिसतो तो कपाचा कान व्यवस्थित धरून चहा पिणारा गृहस्थ. "तब्येत तर छान दिसतेय की!" हा शेरा मारून ते जातात आणि जिन्यातच एकमेकांना सांगतात, की थोडं मनाचंही असतं. रुग्णाची पंचाईत अशी, की बरं वाटावं म्हणून केलेल्या हालचालीने त्याने स्वतःच पुरावा नष्ट केलेला असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : वय झालं. पण झिजेचं दुखणं वापराने वाढतं, दिवसभर राबलेला गुडघा संध्याकाळी जास्त कुरकुरतो. चिकनगुनियाचं वेळापत्रक नेमकं उलटं. उतारवयात हे दुखणं लांबण्याची शक्यता अधिक असते, तेवढं मी मान्य करतो. पण वय अख्ख्या गल्लीचं एकाच पंधरवड्यात होत नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत या विषाणूची साथ आली, त्यानंतर देशात जवळपास ३२ वर्षं सामसूम होती. २००५च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये भारतात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर पावणेआठ लाखांच्या वस्तीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले. बेटाचा तिसरा हिस्सा एकदम म्हातारा झाला असं म्हणणारा पाहुणा अजून भेटायचा आहे, पण आशा सोडू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार, कारण तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतो : रिपोर्ट तर नॉर्मल आहेत! हे खरंच असतं. एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो, कारण तो हाडं दाखवतो आणि सूज असते सांध्याच्या अस्तरात. आमवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची तपासणीही बहुतेकांची निगेटिव्ह येते, कारण हा आमवात नव्हेच. रक्तातला विषाणू साधारण आठवडाभरात नाहीसा होतो. मग दुखतं कशाने? विषाणूला हुसकायला शरीराने सांध्यांत धाडलेल्या पेशी काम संपल्यावरही तिथेच धुमसत राहतात. लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, पण बँडवाल्यांना कुणी थांबा म्हणालंच नाही. विषाणूचे अवशेष मागे राहतात का, यावर शास्त्रज्ञांचं अजून जमलेलं नाही. रेयुनियाँमधल्या एका रुग्णाच्या सांध्यात दीड वर्षानंतरही विषाणूच्या खुणा सापडल्या. कोलंबियातल्या रुग्णांच्या सांध्यांतलं पाणी तपासलं तर तिथे काहीच मिळालं नाही. म्हणजे वऱ्हाडातलं कुणी मांडवात उरलंय की नाही याबद्दल वाद आहे. बँड वाजतोय याबद्दल नाही.

तिसरा आक्षेप स्वयंपाकघरातून येतो, त्याला उत्तर देण्याची प्राज्ञा कुणाची? वांगं बंद, बटाटा बंद, हरभऱ्याची डाळ बंद, ताक तर समोरूनसुद्धा न्यायचं नाही. या यादीचा बारकाईने विचार केला तर वातूळ पदार्थ म्हणजे रुग्णाला आवडणारा पदार्थ, अशी व्याख्या हाती येते. शेजारच्या मेडिकलमधून 'स्ट्राँग' गोळी आणणारे मात्र विनोदाचा विषय नव्हेत. ताप असताना डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलवरच भागवायचं असतं, कारण डेंग्यूत ॲस्पिरिन-आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि तीन महिने उलटूनही मूठ मिटत नसेल, तर शेजाऱ्यांऐवजी संधिवाततज्ज्ञ गाठावा. तो पहिल्याच भेटीत विचारतो, की सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात. निम्मं दुखणं हा प्रश्न ऐकूनच उतरत असावं.

उरला शेवटचा आक्षेप : याने कुणी मरत नाही. मृत्यू क्वचितच होतात, खरं आहे. पण मरणाच्या खाली सगळं क्षुल्लक मानलं तर दाढदुखीला सुट्टी कशी मिळते? विणकराची बोटं, भाजी चिरणाऱ्या बाईचं मनगट, रिक्षावाल्याचा ब्रेकवरचा पाय सहा महिने रुसला, तर त्या घराचं जे होतं ते मृत्यूच्या रकान्यात कुठेच उमटत नाही.

या आजाराची एक बाजू रुग्णाच्या फायद्याची आहे. एकदा होऊन गेला की तो सहसा पुन्हा होत नाही. त्यामुळे तो पसरवणाऱ्या, दिवसाढवळ्या चावणाऱ्या एडिस डासाला घरात भीक न घालणारी तीच एक व्यक्ती असते. म्हणून कुंड्यांखालच्या थाळ्या आणि फ्रिजमागचा ट्रे दर आठवड्याला उपसण्याचं काम घरचे एकमताने तिच्याकडे सोपवतात. वाकण्याचा व्यायामही होतो म्हणे.