हरकत नोंदवण्याची शास्त्रोक्त पद्धत

अकोल्याच्या माणसाला नगररचना शिकवायची गरज नाही. जठारपेठेत चहाच्या टपरीवर तो रोज शहराचा आराखडा बदलतो. अडचण एवढीच, की तिथल्या मताला आवक क्रमांक मिळत नाही. तो हवा असलेल्यांसाठी ही कार्यपद्धती.

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखड्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत येते. निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींमध्ये ती शोधावी. हरकतीला 30 दिवस मिळतात. त्यातले पहिले तीन आठवडे ‘आपल्याले काय करायचं राजेहो’ म्हणण्यात घालवावेत, उरलेले सात-बारा शोधण्यात.

मग कार्यालयात ठेवलेला नकाशा पाहावा. पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती. 2016 च्या हद्दवाढीत उमरी, मलकापूर, खडकीसह 24 गावं अकोला महापालिकेत आली. तेव्हापासून कपाशीच्या वावराकडे बघून रंग ओळखणारे जाणकार गल्लोगल्ली भेटतात. नागरिकाने मात्र फक्त आपला प्लॉट शोधावा. रस्ता त्यावरून जात नसेल तर आराखडा चांगला. शेजाऱ्याच्या प्लॉटवरून जात असेल तर दूरदर्शी.

खेळाचं मैदान, बाग, शाळा यांच्या आरक्षणांकडे पाहू नये. ती सगळ्यांची असतात, म्हणून त्यांच्यासाठी हरकत घेणं कुणाचंच काम नसतं.

तरीही कुणाला खुमखुमी असेलच, तर अर्जात ‘अन्याय’ हा शब्द टाळून गट क्रमांक, आरक्षण क्रमांक आणि नेमकी मागणी लिहावी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सुनावणी नियोजन समितीपुढे होते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. तिथे एकट्याने जाण्यापेक्षा अख्खी कॉलनी नेलेली बरी.

‘हरकतीनं काय होते?’ या प्रश्नाला उत्तर आहे. मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये तो नव्याने करायचा आदेश निघाला. गोव्यात तर लोक रस्त्यावर उतरले आणि 2007 मध्ये अख्खा प्रादेशिक आराखडाच रद्द झाला.

एवढं करूनही काम संपत नाही. आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि 24 महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. मालक ही तारीख विसरत नाही. मैदानावर खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांनीही ती लिहून ठेवावी.