चप्पल-चिकित्सक

साधे गिऱ्हाईक कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन घेऊन चप्पल लाईनीत शिरते, एक जोड पायात घालून चार पावले चालते, सवयीने पन्नास रुपये कमी करायला सांगते आणि रंकाळ्यावर भेळ खायला मोकळे होते. चप्पल-चिकित्सकाची पहिली फेरी नुसत्या पाहणीची असते. तो तळ वाकवून बघतो, कातड्याचा वास घेतो, वेणीचे पदर मोजतो, अंगठ्यात बोट घालून ओढतो, चप्पल कानाशी नेऊन दुमडतो आणि काहीही न घेता शेजारच्या दुकानात जाऊन हाच विधी पुन्हा करतो. त्याच्या खिशात तीन रकान्यांचा तक्ता असतो : दर्जा, दर आणि सेवा. कोणी हौसेने नवी चप्पल दाखवली, की तो आधी ‘कितीला पडली?’ एवढेच विचारतो. आकडा मोठा असला तर ‘फसलात’. लहान असला तर ‘मग ती कातड्याची नसणार, म्हणजे फसलातच’. मधला आकडा सांगणाऱ्याला तो एक चप्पल काढून हातात द्यायला सांगतो, आणि त्या माणसाला निकाल लागेपर्यंत एका पायावर उभे राहावे लागते.

या गृहस्थाच्या ज्ञानावर शंका घेण्यात अर्थ नाही. तळाला म्हशीचे जाड कातडे लागते, ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवून कमावतात, जुन्या पद्धतीच्या जोडाला खिळा नसतो आणि थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, हे सगळे त्याला ठाऊक असते. पुठ्ठा भरलेला तळ तो अंगठ्याने दाबून ओळखतो, रेक्झिनचा पट्टा लांबूनच. कापशी कोणती आणि कुरुंदवाडी कोणती, यावर तो एसटीच्या संबंध प्रवासात बोलू शकतो आणि संधी मिळाली तर बोलतोही. गडबड आहे ती त्याच्या तक्त्यात. आपण कारागिरांची तुलना करतो आहोत, अशी त्याची समजूत असते. पण माप देऊन करवून घेतलेल्या चपलेत निम्मे काम गिऱ्हाईक करते, आणि त्या निम्म्या कामाचे गुण-दोषही तो बिनदिक्कत कारागिराच्या खात्यावर मांडतो. तक्त्यातला कोणताही रकाना काढून पाहावा, हेच दिसेल.

आधी दर्जा घेऊ. वापरणाऱ्याच्या भाषेत दर्जा म्हणजे चप्पल चावली की नाही आणि टिकली किती. सालीने कमावलेले जाड कातडे पहिले काही दिवस कोणाचेच ऐकत नाही. त्याला तेल पाजावे लागते, घरातल्या घरात थोडे थोडे वागवून रुळवावे लागते. मग ते त्या एका पायाच्या वळणावर जाते आणि दुसऱ्या कोणाच्या पायात नीट बसत नाही. हेच कातडे पाणी पिऊन फुगते आणि कडक उन्हात वाळवले की ताठून तडकते. चिकित्सक हे शास्त्र चारचौघांत सविस्तर सांगतो आणि भर जुलैत तीच चप्पल घालून दादरला लोकलमधून उतरतो. ऑगस्टात तक्त्यात नोंद पडते : ‘दुकान क्र. 3, तळ सुटला, दर्जा घसरला.’ दुकान क्र. 4 ला मात्र पैकीच्या पैकी गुण असतात, कारण तो जोड त्याने लग्नकार्यात घालायला म्हणून घेतला आणि घरातली लग्ने तेव्हाच संपली. मापाचीही तीच कथा. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवायची, ती उभे राहून. अंगाचा भार पडला की पाऊल पसरते. चिकित्सक खुर्चीत बसून, चहा पीत माप काढतो, कागद पाठवून देतो आणि चप्पल आखूड आली की कारागिराची नजर अधू ठरवतो.

हे गुण नेमके कोणाला मिळतात, तेही बघण्यासारखे आहे. चपलेचे काम पुष्कळदा अनेक हातांतून जाते : एक जण कातडे कापतो, घरातल्या बायका वेण्या घालतात, तिसऱ्याकडे शिलाई असते. एकाच घरचा माल दोन दुकानांत जाऊ शकतो, आणि तक्त्यात नाव लागते ते पाटीवरच्या दुकानाचे. ‘खरी ती कोल्हापुरातलीच’ हा त्याचा आणखी एक सिद्धांत. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून, आठ जिल्ह्यांसाठी : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा कारागीरही तितकाच हक्काचा. चिकित्सक हे ऐकून घेतो आणि अथणीच्या चपलेचे दोन गुण तरीही कापतो, ते सीमाप्रश्नाचे.

दराच्या रकान्यात त्याचा स्वाभिमान आणि घासाघीस शेजारी शेजारी राहतात. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने हुबेहूब कोल्हापुरी वळणाची चप्पल मंचावर आणली आणि श्रेय कोणालाच दिले नाही, तेव्हा सर्वांत आधी संतापला तो हाच. किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या वाचून ‘आमच्या कारागिराच्या हातात काय पडते?’ असा सवाल त्याने केला. सवाल रास्त होता. फक्त तो करणाऱ्याने त्या हातात कमीत कमी पडावे म्हणून आयुष्यभर चिकाटीने प्रयत्न केलेले होते. पुढे कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून सुमारे 800 युरो दराचे 2,000 जोड इथेच करवून घेण्याचे जाहीर केले. चिकित्सकाने युरोचे रुपये केले आणि आपला जोड किती स्वस्तात पडला या आनंदात तो आणखी स्वस्त कुठे मिळेल याच्या शोधाला लागला. करवून घेतलेल्या वस्तूचा दर उतरतो तो काहीतरी बरोबर घेऊनच उतरतो : तळाचा एखादा थर, वेणीचे दोन पदर किंवा कातड्याची थोडी जाडी. त्यातून 2015 साली राज्यात गोवंश हत्याबंदी आल्यापासून कच्च्या चामड्याची ओढाताण वाढलेली. म्हणजे तिसऱ्यांदा घासाघीस करून त्याने दराच्या रकान्यात जे गुण कमावले, तेच दर्जाच्या रकान्यातून वजा झाले, आणि दोन्ही नोंदी त्याच्याच अक्षरात आहेत.

सेवेबद्दल तो सर्वांत दुखावलेला असतो. ‘मंगळवारी या’ म्हणाले आणि मंगळवारी तयार नव्हती, ही त्याची ठरलेली तक्रार. मधल्या काळात त्याने फोन करून आधी गोंडा काढायला लावला, मग परत लावायला सांगितला, रंग बदलला आणि कान थोडे रुंद करा म्हणून सुचवले, हे तक्त्यात येत नाही, कारण त्याच्या मते तो सल्ला होता आणि तोही फुकट. त्याला घरपोच हवी, दुरुस्ती मोफत हवी आणि आवडली नाही तर परत करण्याची सोयही हवी. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या हाडाला जागा सोडून केलेली त्याची चप्पल परत घेऊन दुकानदाराने ती कोणाला विकायची? तसाच पाय असलेला दुसरा चिकित्सक शोधावा लागेल, आणि तो आधी कितीला पडली ते विचारेल.

यावर कोणी म्हणेल, मग कारागिराला सगळेच माफ? अजिबात नाही. रेक्झिन कातड्याच्या भावाने विकणे ही लबाडी आहे, आणि होणार नाही हे माहीत असताना तारीख देणे हे खोटे बोलणे आहे. तिथे चिकित्सकाची नजर हवीच. ती नसती तर पुठ्ठ्याचा तळ केव्हाच सर्वमान्य झाला असता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पैसे मोजून वर तेल, ऊन, पाऊस असले चपलेचे पथ्य का पाळायचे? कारखान्यातले बूट असले काही मागत नाहीत. अगदी बरोबर, आणि म्हणूनच हा तक्ता त्या बुटांना शोभतो. यंत्रातून निघालेले हजार जोड सारखे असतात. एकाचा अनुभव बाकीच्यांना लागू पडतो. हाताने केलेल्या एकाच जोडाची डावी-उजवीसुद्धा तंतोतंत जुळत नाही. चिकित्सक हा फरक हातकामाची खूण म्हणून पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो आणि पाहुणे गेल्यावर त्याचाच अर्धा गुण कापतो.

तेव्हा त्याने तक्ता फाडण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक नावाचा चौथा रकाना वाढवला तरी पुरे. माप उभ्याने दिले की बसून, दर किती वेळा पाडला, पावसात किती दिवस वापरली, तेल पाजले का, एवढे प्रामाणिकपणे लिहिले तर प्रामाणिक कारागिरांचे गुण एकमेकांच्या बरेच जवळ येतील, आणि जे लबाड ते आपोआप उघडे पडतील. पहिला जोड ही दोघांची तोंडओळख असते. तो कुठे चावला आणि कुठे झिजला हे पाहून कारागीर दुसरा करतो, म्हणून खरी परीक्षा दुसऱ्या जोडाला होते. चिकित्सक मात्र दुसऱ्या जोडासाठी त्याच दुकानाची पायरी कधी चढत नाही. तिथेच पुन्हा गेले, तर तुलना कोणाशी करायची?