पाच वाट्या, एक शिंक

टेंभी नाक्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत माणसं तीन, मांजरं पाच. बंड्या शिंकला की पाचांनाही ‘इम्युनिटी’ची पावडर. एकट्याला देण्याची सोय नाही. वाट्या वेगळ्या मांडल्या तरी बंड्याच्या वाटीत ठमी तोंड घालते आणि ठमीचा डोस गॅलरीतून येणारा परका बोका चाटूनपुसून जातो. त्याची तब्येत सध्या दृष्ट लागण्यासारखी आहे.

पावडरीत असतं लायसिन. मांजरांच्या सर्दीमागे बऱ्याचदा हर्पिसचा विषाणू असतो. एकदा शिरला की जावयासारखा मुक्कामाला. लायसिन त्याला आवर घालतं म्हणे. २०१५ साली संशोधकांनी लायसिनवरचे तोवरचे अभ्यास तपासून सरळ सांगितलं, उपयोगाचा पुरावा नाही, देणं बंद करा. आमच्या डब्यापर्यंत ही बातमी पोचलेली नाही.

हा विषाणू पुन्हा डोकं वर काढतो तो मुख्यतः ताणामुळे. नवरात्रात नाक्यावर ढोल सुरू झाले की पाचही जणं पलंगाखाली एकाच सुटकेसमागे. ताण कमी ठेवायचा तर शी-शूच्या मातीचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त हवेत म्हणे, म्हणजे सहा! सहा ठेवले तर आम्हालाच कळव्याला बिऱ्हाड हलवावं लागेल. आहेत दोन.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “लसणाची पाकळी ठेचून घाल गं.” लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, हे सांगितल्यावर काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

आणि हर्पिसविरुद्धच्या तिहेरी लसीचं कार्ड? आहे ना. फ्रिजवर, पावडरीच्या डब्याखाली. तारीख उलटून आठ महिने झाले.