नमुना

जालन्यात दोन गोष्टी मुबलक: लोखंडी सळई आणि बियाणं. आमचे शेजारी नाना दुसऱ्या खात्यातले. एका बियाणे कंपनीत ते मक्याच्या दाण्याचा टवका काढणारं यंत्र चालवतात. कार्डावर लांबलचक हुद्दा आहे. गल्लीत मात्र त्यांना ‘नमुना’ म्हणतात. नाना ते कामाचं कौतुक समजतात.

पूर्वी दाणा पेरायचा, रोप वर येऊ द्यायचं, पान तोडून तपासायचं आणि नापास रोपं उपटायची. पुढे टवके आले, तेव्हा नाना ते हाताने काढत. बोटांना चिकटपट्ट्या असत. आता यंत्र दाणा उचलतं, फिरवतं आणि रुंद बाजूने जरासा तासतं, कारण गर्भ टोकाकडे असतो. टवका ९६ खळग्यांच्या ताटलीत, दाणा त्याच क्रमांकाच्या कप्प्यात. टवक्यातला डीएनए पास झाला, तरच दाणा शेतात जातो.

“गर्भाला धक्का नको, नंबर चुकायला नको,” एवढीच नानांची गीता. ती ते घरीही पाळतात. गूळ घेताना ढेपेचा कोपरा, भाकरी वाढली की कडेचा तुकडा, आणि मगच पसंती. मांडणीवरच्या डब्यांना ताटलीसारखे क्रमांक आहेत. मोहरी हवी असली, की वहिनींना हाक येते, “सी-७ कुठंय?” एकदा वहिनींनी मुद्दाम डी-४ आणि डी-५ची अदलाबदल केली. नानांनी चहात दोन चमचे मीठ घातलं, शांतपणे घोट घेतला आणि म्हणाले, “चहाचा दोष नाही. नोंद चुकलीय.”

घरातले निर्णय वहिनीच घेतात. त्यालाही नानांकडे शास्त्राधार आहे: “मक्याच्या गरात आईचे दोन वाटे असतात, बापाचा एक. आमच्या घरात वेगळं काय होणार?”

हाताखालच्या पोरांना ते रोज बोलतात, पण चुकीपुरतंच. पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर हजर असतो.

हा लेख त्यांना दाखवला. त्यांनी मधल्याच चार ओळी वाचून कागद परत केला.

“अहो, पूर्ण वाचा की!”

“कशाला? टवका पुरे. बऱ्यापैकी तासलंत, पण गर्भ शाबूत ठेवलात. पेरायला हरकत नाही.”